मेहुण्याला पार्टिशन वाकडं दिसलं

...आणि वर मलाच विचारतो, "भाऊजी, पार्टिशन दोन हजार अठ्ठेचाळीसपासून सुरू करू, की आठ हजार एकशे ब्याण्णवपासून?" आता मी काय सांगणार, कपाळ? मी पाणीपुरवठ्यातला माणूस हो! सकाळच्या पाळीला पंपावर असतो, पाईपला कान लावून सांगेन पाणी कुठे अडलंय, पण हे मला का विचारता? तुम्हाला सांगतो, माझं म्हणणं एवढंच होतं... एवढंच... की स्वयंपाकघरात नेट येत नाही!

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मीच चक्रम. आमच्या हिची मुलाखत होती. सोमवारी सकाळी, कॉम्प्युटरवरून. माझे वडील आजारी पडले तेव्हा हिनं नोकरी सोडली होती, "दोन-चार महिन्यांचा प्रश्न आहे" म्हणून. वडील ठणठणीत बरे झाले, आता दिवसभर टीव्ही बघतात, पण हिची नोकरी गेली ती गेलीच. वर्षं गेली. किती ठिकाणी अर्ज केले, आणि आता कुठे एका मोठ्या कंपनीनं बोलावलं, घरून करायचं काम, पगार माझ्यापेक्षा जास्त. मला काही कमीपणा नाही हं त्यात, उलट मी पंपावर सगळ्यांना सांगून टाकलं होतं! तर मुलाखत द्यायची कुठे? हॉलमध्ये बाबा आणि टीव्ही. बेडरूमला दार आहे, पण ते प्लायवूडचं, टीव्हीतला माणूस खोकला तरी आत ऐकू येतं. उरलं स्वयंपाकघर. आणि स्वयंपाकघरात नेट येत नाही! हॉलमध्ये येतं, बाथरूममध्ये येतं, जिन्यात येतं... स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आलं की चपला काढून बाहेरच थांबतं!

मी म्हटलं, लांब वायर आणतो. साधी गोष्ट आहे, पाणी पोचत नसेल तर आम्ही पाईप टाकतो, नेट पोचत नसेल तर वायर टाकायची! निघालोही होतो. पायात चपला, हातात पिशवी... आणि दारात कोण? आमचा मेहुणा. रविवार, क्लिनिकला सुट्टी, ताईला शुभेच्छा द्यायला आला. "वायर?" म्हणाला. "भाऊजी... वायर?" असं म्हणाला, जसं काही मी दात घासायला कोळसा आणायला निघालो होतो.

हा मेहुणा दातांचा डॉक्टर. चांगला आहे, हात हलका आहे, माझीच दाढ त्यानं काढलीय. पण कॉम्प्युटरचा नाद! आणि धंदा असा की जिथे तिथे त्याला कीड दिसते. राउटर हातात घेतला, उलटा केला, टॉर्च मारला, आणि आमच्याकडे असं बघितलं, की मी आपोआप तोंड उघडलं. "कधीपासून असं आहे?" म्हणाला. हिनं सांगितलं, "लावला तेव्हापासून." "हं... याचं पोट लहान आहे, ताई. आत सॉफ्टवेअर कंपनीचं, तेही किडलेलं. मी मस्त नवीन टाकतो, रेंज कशी खेचून पाठवतं बघ! पण त्याला आत जागा पुरणार नाही. मागे पेनड्राइव्ह लावू, सगळा संसार त्याच्यावर हलवू. थोडं दुखेल, मग जन्मभर बघायला नको."

थोडं दुखेल! अहो, माझी दाढ काढतानाही हेच म्हणाला होता!

ही म्हणाली, "उद्या मुलाखत आहे रे. काही बिघडणार नाही ना?" तर हा हसला. डॉक्टर लोक हसतात ना तसं, तोंड हसतं, डोळे हसत नाहीत. "ताई, चहा होईपर्यंत होईल." चहा झाला. जेवणं झाली. परत चहा झाला. माझं म्हणणं एवढंच होतं, की स्वयंपाकघरात नेट येत नाही... पण आता हॉलमध्येही येईना! आणि तिकडून बाबा, कोचावर, रिमोट हातात, "लागलं का रे?" आमचा टीव्हीसुद्धा नेटवर चालतो ना! "लागेल, बाबा." दोन मिनिटं गेली की, "लागलं का रे?" नव्वदीला टेकलेला माणूस, पण घड्याळ चुकेल, हे चुकणार नाहीत.

तेवढ्यात बेल वाजली. वरच्या मजल्यावरचे विमाकाका. विमा कंपनीतून निवृत्त झाले, पण विमा त्यांच्यातून झाला नाही. "तुमचं नेट गेलंय का हो?" म्हणाले. मी म्हटलं, "हो, पण तुम्हाला कसं कळलं?" तर जरा चाचरले. "नाही... म्हणजे... तुम्ही मागे एकदा पासवर्ड दिला होता ना, आमचं बंद होतं तेव्हा... मग आम्ही आमचं परत सुरूच केलं नाही. तुमचं छान येतं वर." ऐका! छान येतं! वरच्या मजल्यावर, छत फोडून, काकांच्या पलंगापर्यंत छान येतं! आणि माझ्या स्वयंपाकघरात...! जाऊ दे. गेले का परत? छे! "काय चाललंय?" करत मांडी घालून बसले की! आणि तिथून जे महाभारत सुरू झालं...

मेहुणा म्हणाला, "एफटूएफएस टाकतोय." काका उसळले, "मुळीच नाही! ईएक्सटी-फोर!" मी म्हटलं, ही काय औषधं आहेत? तर म्हणे फाइलसिस्टिम. म्हणजे पेनड्राइव्हवर सामान कुठल्या पद्धतीनं लावायचं, ती पद्धत. अहो, मग लावा की! आमच्या घरी सामान लावायची पद्धत एकच, ही लावते आणि मला सापडत नाही. पण नाही! काका म्हणतात, "ईएक्सटी-फोरला जर्नल असतं. काय लिहिणार ते आधी टिपून ठेवायचं, मग लिहायचं. मध्येच लाईट गेली तरी नुकसानभरपाई! जर्नल नाही म्हणजे विमा नाही!" मेहुणा म्हणतो, "काका, दोनदोनदा लिहिलं की पेनड्राइव्हची चिप झिजते! दाताचं इनॅमल जसं! एफटूएफएस या चिपसाठीच बनवलंय, सगळीकडे सारखं घासतं, एकाच दातावर जोर देत नाही." "पण लाईट गेली तर?" "जात नाही हो लाईट." "गेली तर?" "नाही जात!" एकाला सगळ्यात कीड दिसते, दुसऱ्याला सगळ्यात अपघात दिसतो. आणि मधे मी. मी हळूच म्हटलं, "वायर आणू का?" दोघं एकदम माझ्याकडे वळले, "तुम्ही जरा थांबा!" बघा, तेवढ्यापुरतं एकमत झालं!

शेवटी मेहुण्यानं पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला, पडद्यावर बघितलं, आणि चष्मा काढला. पुसला. परत घातला. आणि अगदी खालच्या आवाजात, नातेवाइकांना बाहेर बोलावून सांगतात तसं म्हणाला, "ताई... पार्टिशन वाकडं आहे." ही घाबरली हो! "म्हणजे?" "अलाइनमेंट नाही. ज्यानं कुणी हे पार्टिशन पाडलंय, म्हणजे सामानाची जागा आखलीय, त्यानं कप्प्याच्या मधूनच सुरू केलंय. एका रेषेत नाहीच!" आता हा दातांचा डॉक्टर, त्याला वाकडं दिसलं की राहवत नाही. लग्नाच्या फोटोतसुद्धा हा माणसं बघत नाही, दात बघतो. मी म्हटलं, "अरे, वाकडं तर वाकडं, चालतंय ना?" तर मला समजावून सांगायला बसला. म्हणे, या चिपमधली एक-एक खोली वेगळी पुसता येत नाही, अख्खा कप्पा एकदम पुसायचा आणि परत भरायचा. म्हणजे एक मोजा बदलायचा तरी सगळा खण उपसायचा. आणि पार्टिशन वाकडं असेल, तर एकच शर्ट, त्याची एक बाही वरच्या खणात, दुसरी खालच्या खणात! एका शर्टासाठी दोन खण उपसा! झीज दुप्पट! तुम्हाला सांगतो, मला पटलं. तेच तर वाईट झालं, मला पटलं!

"मग सरळ कर की," म्हटलं. "करतो. दोन हजार अठ्ठेचाळीसपासून सुरू करतो." मी विचारलं, "मग आधीच्या दोन हजार अठ्ठेचाळीस खोल्यांत कोण राहतं?" "कोणी नाही. रिकाम्या ठेवायच्या." रिकाम्या! इथे आम्ही तिघं दोन खोल्यांत एकमेकांच्या अंगावर पाय देत राहतोय, आणि पेनड्राइव्हला पुढचं अंगण पाहिजे! तर काका म्हणाले, "बरोबर आहे, सुरक्षित अंतर पाहिजेच." हुश्श! म्हटलं, जमलं. कसलं जमतंय! मेहुण्याच्या मनात किडा वळवळला. "पण या चिपचा कप्पा मोठा असेल तर? मग आठ हजार एकशे ब्याण्णवपासून घ्यायला हवं." काका म्हणाले, "असेल तर म्हणजे? नक्की सांग." "कंपनी सांगत नाही हो, अंदाजानं धरायचं!" म्हणजे मघापासून रेषेत, रेषेत म्हणून माझा जीव खाल्ला, आणि ती रेषा कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही! आणि तेव्हा विचारलं मला, "भाऊजी, कितीपासून सुरू करू?" मी म्हटलं, "बाबा रे, वायरीपासून सुरू कर!"

नाही ऐकलं. घेतलं आठ हजारवालं. पुसायला घेतलं. पडद्यावर ती हिरवी पट्टी सरकतेय, सरकतेय, आम्ही तिघं श्वास रोखून... आणि फट्! सगळं बंद. लॅपटॉप काळा, पंखा थांबला. बाबा! बाबांनी बोर्डाचं बटण बंद केलं! "टीव्ही लागतच नाही, तर म्हटलं कशाला उगीच वीज जाळायची." आता लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली, तो त्याच बोर्डावर! मेहुण्याचा चेहरा पांढरा पडला, आणि विमाकाका...! अहो, आयुष्यभर ज्यांनी लोकांना "उद्या काही झालं तर?" विचारलं आणि कधी काही झालं नाही, त्या माणसाच्या डोळ्यांदेखत झालं! उभे राहिले. दोन्ही हात पसरले. "काय म्हटलं होतं मी? काय म्हटलं होतं?" आनंदानं माझ्याकडे टाळी मागायला लागले! त्यांना मी चहा करून दिला. काय करणार? घरी आलेला माणूस.

परत पुसलं. परत आखलं. रेषेत. सरळ. मेहुण्यानं लांबून बघितलं, जवळून बघितलं, "आता कसं! एकेक मोती!" म्हणाला. काकांचं ऐकलं नाही ते नाहीच, एफटूएफएसच टाकलं. मग राउटरच्या पोटातलं सगळं पेनड्राइव्हवर हलवलं, आणि आतलं पुसून टाकलं. "जागा कशाला अडवायची? पोट रिकामं बरं." सगळं उतरवून घ्यायला माझ्या फोनचा डेटा संपला, हिचा संपला, त्याचा स्वतःचा संपला. बाबांचा फोन बटणांचा, नाहीतर तोही संपला असता. आणि मग म्हणाला, "आता एकदा बंद करून चालू करू. चूळ भरल्यासारखं."

भरली चूळ. राउटरचा दिवा लागला. लाल. आम्ही वाट बघितली हिरव्याची. लाल. परत बंद, परत चालू. लाल. मेहुणा खाली वाकला, टॉर्च मारला, काहीतरी टाइप केलं, आणि त्याचा हात थांबला. "अरेच्चा," म्हणाला. मी पाणीपुरवठ्यात जन्म घालवलाय हो, इंजिनिअर पाईपकडे बघून "अरेच्चा" म्हणाला की मी आधी विजार वर खोचतो!

काय झालं होतं, माहितीये? राउटर जागा झाला की आधी स्वतःच्या पोटातलं वाचतो, मग पेनड्राइव्हकडे वळतो. पण पेनड्राइव्हवर सामान लावलं एफटूएफएसच्या पद्धतीनं. ती पद्धत समजायला एक छोटासा प्रोग्राम लागतो, त्याच्याशिवाय राउटरला पेनड्राइव्ह म्हणजे नुसता दगड. आणि तो छोटासा प्रोग्राम कुठे होता? कुठे असणार? "सगळं हलवलं ना, भाऊजी... पेनड्राइव्हवरच!" कपाटाची किल्ली कपाटात ठेवली आणि कपाट ओढून घेतलं! पण कपाट कसं बसलंय? अगदी सरळ! एका रेषेत! काका म्हणाले, "ईएक्सटी-फोरची किल्ली मुळातच आत असते." मी म्हटलं, "काका, तुम्ही वर जा." "वर जाऊन काय करू? नेट नाही!"

मी विचारलं, "आता?" मेहुणा म्हणाला, "काही नाही, मूळ सॉफ्टवेअर परत टाकू. नेटवर मिळतं." म्हटलं, "कुठल्या नेटवर?" त्यानं चष्मा पुसायला घेतला. मी म्हटलं, "कंपनीला फोन कर." केला. "रविवारी माणूस येत नाही, सोमवारी संध्याकाळी येईल." मुलाखत सोमवारी सकाळी! आणि नेमकं तेव्हाच कोचावरून, "लागलं का रे?"

मी स्वयंपाकघरात गेलो. हिला सांगायचं होतं ना कुणीतरी! ही तिथे उभी. तिनं ओट्यावरचे सगळे डबे खाली उतरवले होते, मागची भिंत घासून पुसून पांढरीशुभ्र केली होती, कॅमेऱ्यात चांगली दिसावी म्हणून. दिवा कुठे ठेवायचा तेही ठरवून ठेवलं होतं, स्टुलावर पुस्तकं रचून. माझ्याकडे बघितलं आणि तिला कळलं. आणि ती ओरडली नाही हो! ओरडली असती तर मी चार शब्द ऐकून घेतले असते, मोकळा झालो असतो. ती नुसती एकेक डबा उचलून परत ओट्यावर ठेवायला लागली. तुम्हाला खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं. इतक्या वर्षांनी त्या बाईनं स्वतःसाठी एक भिंत मागितली होती. एक भिंत आणि थोडं नेट! आणि राग तरी कुणावर काढणार? आपलेच दात, आपलेच ओठ!

तेवढ्यात मेहुणा दाराशी आला, मान खाली. "ताई... उद्या माझ्या क्लिनिकमध्ये ये ना. तिथे नेट एकदम मस्त आहे." काखेत कळसा! मी म्हटलं, "तिथे मस्त आहे? तिथे कुठली फाइलसिस्टिम टाकलीयस रे?" "तिथे? काही नाही. कंपनीनं लावून दिलं तसंच आहे." "पार्टिशन सरळ आहे का?" "बघितलं नाही." "का?" तर म्हणतो, आणि हे मी मरेपर्यंत विसरणार नाही, म्हणतो, "धंद्याची जागा आहे भाऊजी, तिथे कोण हात लावेल!"

सोमवारी गेलो. मी पाळी बदलून घेतली. क्लिनिकमागे हत्यारं उकळायची एक चिंचोळी खोली आहे, तिथे ही बसली, पाठीमागे पांढरी भिंत, ती मात्र छान होती. मी दार धरून उभा. मेहुण्यानं शपथेवर सांगितलं होतं, त्या वेळेत एकही पेशंट घेणार नाही. आणि मुलाखत सुरू होते न होते तोच एक गाल सुजलेला माणूस ओरडतच आत! डॉक्टर आहे, नाही कसं म्हणणार? इकडे मुलाखत घेणाऱ्या बाई गोड आवाजात, "तुमच्याबद्दल थोडं सांगाल का?" आणि तिकडून "आऽऽऽ! मेलो!" बाई थबकल्या. "तिकडे... कुणी ओरडतंय का?" मी डोळे मिटले. म्हटलं, संपलं. आणि ही, अगदी शांतपणे, "हो. माझा भाऊ काम करतोय. मध्ये बोलून उपयोग नसतो, मला अनुभव आहे."

मग त्यांच्यातल्या दुसऱ्या साहेबांनी विचारलं, "समजा सगळं कोलमडलंय, वेळ कमी आहे, आणि हाताखालची माणसं ऐकत नाहीत. तुम्ही काय कराल?" ही म्हणाली, "समजा कशाला? कालचंच सांगू का?" आणि सांगितलं हो तिनं! पार्टिशन, एफटूएफएस, बाबांचं बटण, कपाटातली किल्ली, सगळं! मी दारामागे घामाघूम, आणि ते लोक हसून हसून आवाज बंद करून बसले, नुसते खांदे हलताना दिसत होते. शेवटी बाईंनी डोळे पुसत विचारलं, "आणि या सगळ्यात तुमचे मिस्टर काय करत होते?" ही म्हणाली, "ते वायर आणायला निघाले होते."

मिळाली! नोकरी मिळाली! पहिल्याच आठवड्यात हिच्या कंपनीनं नवाकोरा राउटर पाठवला, त्यावर सील, सील फोडलं तर जबाबदारी तुमची. मेहुणा आला की त्याच्याभोवती घुटमळतो, हात मागे बांधून, मिठाईच्या दुकानात मधुमेही फिरतो तसा. हॉल आता हिचं ऑफिस. दिवसभर मिटिंगा. बाबा टीव्ही घेऊन बेडरूममध्ये गेले, कानाला हेडफोन, त्यामुळे "लागलं का रे" आता तिप्पट आवाजात विचारतात. आणि काकांना वरती पूर्वीपेक्षा छान येतं, परवाच आवर्जून सांगून गेले. सगळ्यांचं भलं झालं.

आणि मी? मी दुपारी पाळीवरून येतो, हात धुतो आणि सरळ स्वयंपाकघरात. आता तिथलं काम माझ्याकडे, बरोबरच आहे, ही कमावते. मला येत काही नाही, फोनवर बघून बघून करतो. काल पातेलं गॅसवर, फोडणी तडतडतेय, फोनवरची बाई सांगतेय, "आता यात मीठ घाला..." आणि थांबली. तोंड उघडं, हात वर. नुसतं चाक फिरतंय, गोल, गोल... मी तिथूनच ओरडलो, "अगंऽ, स्वयंपाकघरात नेट येत नाही!"

हिनं माइकवर हात ठेवला, मान वळवली, आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "माझ्या भावाला बोलावू का?"

म्हटलं, नको... मीठ मी अंदाजानंच घालतो.